व्याजस्तुती

तिसऱ्या अंकात टाकलेली राणी
भर दरबारात राजाला म्हणते,
"आपण सूर्य आहात, महाराज.
मी नुसतं दव."

सव्वीस वर्षं मी फळ्यावर लिहीत आलेय:
अलंकार रूपक.
उपमेय राजा, उपमान सूर्य.
सौंदर्य: राजाचं तेज, राणीची नम्रता.
गुण दोन.
वहीतलं ते पान आता हळदीसारखं पिवळं झालंय.
(ही उपमा. सोपी असते.
'सारखं' दिसलं की शेपटीला धरायची.)

महालातलं आमचं कॉलेज. मार्च संपत आलेला,
पारा चाळिशीच्या पुढे.
कूलर नुसता घरघरतोय.
मुलींनी तोंडाचे स्कार्फ अजून सोडलेले नाहीत,
डोळेच तेवढे वर्गात आलेत.

मागच्या बाकावर भाविका धकाते,
गोळीबार चौकातली.
बाबांचा हातमाग भंगारात गेला त्याला सात वर्षं झाली,
आता ते उन्हाळाभर लोकांच्या कूलरना खस भरतात,
म्हणजे सूर्याशी घरचाच व्यवहार.
ती उभी राहत नाही, बसल्या बसल्याच विचारते,
"मॅडम, हे तारीफ कुठं होय?
सूर्य निघाला का दव मरतेच ना?"

वर्ग हसतो. ती नाही हसत.
"आमच्या घरी त त्याले शिव्याच देतात.
अंगणात पानी मारलं का
बालटी ठेवेपर्यंत वाळून जाते."

मी ओळ पुन्हा वाचते.
'महाराज' नंतर एक पूर्णविराम आहे.
सव्वीस वर्षं मी तिथे श्वास घेतला
आणि पुढे गेले.
राणी तिथे थांबली होती.
राजाच्या डोळ्यांत बघत थांबली होती,
आणि दरबारातले सगळे शहाणे
मान डोलावत होते, माझ्यासारखे.

हे नाटक लिहिणाऱ्याचं गाव कुठलं, कुणालाच माहीत नाही.
पण त्याने आमच्याकडचा एप्रिल
कुठेतरी काढलेला असणार.

"याला व्याजस्तुती म्हणतात," मी सांगते.
वरून स्तुती, आतून निंदा.
हा शब्द मी दर सोमवारी व्याकरणाच्या तासाला शिकवते,
नाटक गुरुवारी असतं.
दोघांची गाठ मी कधी पडू दिली नाही.

"व्याज म्हनजे बँकेचं?"
नाही गं. इथे व्याज म्हणजे निमित्त, सोंग.
म्हणाले खरी,
पण पहिल्या अंकापासून राणी काही बोललीच नव्हती.
मुद्दल तसंच पडून होतं.
दोन अंकांचं व्याज
तिने एका ओळीत वसूल केलं.

रात्री जेवताना हे म्हणाले,
भाजीत मीठ कमी आहे, तुझं हल्ली लक्ष नसतं.
मी म्हणाले, "तुमच्या जिभेची बरोबरी कोण करणार?"
ते खूश झाले.
मी माझाच आवाज ऐकला
आणि हातातला घास बराच वेळ हातातच राहिला.
मला वाटायचं, अलंकार पुस्तकात असतात.

परीक्षेत ती ओळ आली. येणारच,
पेपर मीच काढते.
उत्तरपत्रिका तपासायचा तक्ता मात्र वरून येतो:
रूपक, तेज, नम्रता. दोन गुण.
भाविकाला मी आधीच सांगून ठेवलं होतं,
लिहिताना रूपकच लिही बाई,
गुण कापतील.

तिने लिहिलं रूपक. तेज लिहिलं.
नम्रतासुद्धा लिहिली, ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून.
आणि समासात, शिसपेन्सिलीने, बारीक अक्षरात:
"पण ते लई चिडली आहे."

लाल पेन उघडं ठेवून बसलेय.
शाई वाळत चाललीय.