रातव्याचे लेखक

रातवा पहिल्यांदा लिहिला तो य. मो. पोफळ्यांनी.
आतल्या पानावर, तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत
हे छापलेलं असायचं,
आणि सलूनच्या बाकावर बसून ते वाचणारा
अख्ख्या गावात मी एकटा.
बाकीच्यांना वाटे, रातवा आपोआप होतो,
धुऱ्यावर तरोटा होतो तसा.

पोफळ्यांचा रातवा कमी बोले.
दिवसा तार-ऑफिसात कारकून, रात्री करडा झगा,
पंख उघडले तरी आवाज नाही.
चोर धरला की आधी त्याला पाणी पाजायचा.
मला हेच आवडे.
हरिदास टेकाम म्हणे,
"अबे, हा हिरो हाये का सोयरा?"

त्याला हवे असत ब. ल. देवतळे.
त्यांच्या दर पानावर स्फोट,
उद्गारचिन्हं पराटीसारखी ओळीनं उभी.
देवतळ्यांनी रातव्याला किरणांची बंदूक दिली,
जुळा भाऊ दिला,
एकदा तर मारलंच त्याला,
आणि पुढच्या महिन्यात, काही न सांगता,
तो पुन्हा छपरावर.
ह्यावर आमचं भांडण दोन उन्हाळे पुरलं.
एकदा हरिदासनं माझी चप्पल विहिरीत टाकली,
लेखकापायी.

मधेच चार अंक आले
शालिनी खंगार नावाच्या बाईंचे.
त्यांतल्या तिसऱ्यात रातवा पाण्याच्या टाकीवर बसतो.
खाली शहर, सायरन, सगळं.
तो उडत नाही.
सकाळ होते. एवढीच गोष्ट.
"पैसे बुडाले," हरिदास म्हणाला,
जसे काही आम्ही पैसे दिले होते.
मी तो अंक सदऱ्याखाली खोचून घरी नेला.
आयुष्यातली पहिली चोरी,
आणि चोर धरणारा माझ्याच पोटाशी, घडी घालून.

सलून उरकुडाकाकाचं,
एसटीच्या थांब्यामागे, टिनाखाली.
कोळशाचा ट्रक गेला की आरसा काळा व्हायचा,
काका तो कोपरानं पुसायचा.
अंक तो वणीच्या बाजारातून आणी, किलोवर,
आणि वस्तऱ्याचा फेस पुसायला
पानं फाडी, मागून पुढे.
म्हणजे शेवट आधी जायचा.
पोलीस पाटलाच्या गालावरच्या साबणात
किती खलनायक बुडाले, त्याची मोजदाद नाही.

"काका, पुढं काय झालं?"
पट्ट्यावर वस्तरा. एकदा. पुन्हा एकदा.
"काय होते? तो खदानीत उतरला.
कंदील इझला.
मंग अंधारात त्यानं आवाज देल्ला,
मायच्या आवाजात."
"कोणाच्या मायच्या?"
"चोराच्या."
अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईक
हलायचं विसरून जाई.
ह्या शेवटावर मात्र हरिदासचं आणि माझं
कधीच वाजलं नाही.

मागच्या दिवाळीत, सीताबर्डीच्या फुटपाथवर
अंक सत्तेचाळीस सापडला,
शेवटच्या पानासकट.
देवतळ्यांचा. खदानीचाच.
उभ्याउभ्या वाचला.
रातवा वरून बॉम्ब टाकतो. खदान बुजते.
खाली जाहिरात, दंतमंजनाची.

हरिदासला फोन लावला.
तो वेकोलित डंपर चालवतो, रातपाळी.
सांगितलं त्याला, खरा शेवट सापडला म्हणून.
मागे कुठलीतरी गाडी रिव्हर्स घेत होती,
पीं पीं पीं.
"कायले सांगतं बे," तो म्हणाला.
मग घरचं विचारलं, पोरांचं,
उरकुडाकाकाच्या टिनाखाली आता मोबाईलचं दुकान आहे, ते झालं.
ठेवता ठेवता म्हणाला,
"त्या बाईचा अंक हाये न तुयापाशी?
टाकीवर बसते तो.
पाठव मले."

चोरीचं मी त्याला कधीच सांगितलं नव्हतं.