कांडेचोर

रात्री अडीचला पिंपरीचे पाहुणे खळ्यात येऊन उभे,
बाईंच्या काखेत उशी, साहेबांच्या हातात मोबाईलचा उजेड.
वर कुणीतरी चालतंय, म्हणाले.
मी म्हटलं, मांजर असेल.

खोटं बोलले.
मांजर इतकं जड पाऊल टाकत नाही वाशावर,
आणि मांजर गेल्यावर
चूल थंड असताना आंबेमोहर शिजल्याचा वास मागे राहत नाही.

सकाळी निम्मेच पैसे दिले त्यांनी,
आणि मोचेमाडची खाडी ओलांडायच्या आत फोनवर लिहिलं:
सुरमई उत्तम, छपरात प्राणी, दोन तारे.

मग जो तो वैद्य.
बस्त्यांव म्हणाला, सुक्या मिरचीची धुरी दे.
दिली.
शेजारची सत्यभामा खोकत कुंपणापाशी आली,
माका मारूचा आसा काय गो तुका?
वरच्याला साधी शिंक नाही.
डांबराच्या गोळ्या टाकल्या पाव किलो,
चौथ्या दिवशी पडवीत एकेक सापडल्या,
बाजारात भाव विचारून परत ठेवाव्यात तशा.
दिरांनी जुना रेडिओ बांधला आढ्याला,
रात्रभर समुद्र खवळलेला राहील,
मच्छीमारांनी खोल पाण्यात जाऊ नये –
तो गेलाच नाही कुठे.
पुतण्यानं सुतळी बॉम्ब लावला,
तीन कौलं फुटली, सत्यभामेची म्हैस आटली,
तीही माझ्याच खात्यावर.

शेवटी वनखात्याचा पिंजरा.
पिंजऱ्याला अर्ज, अर्जाला आधारची झेरॉक्स.
कुणाची, माझी की त्याची, मी विचारलं.
गार्ड नाटेकर हसला नाही.

वेलची केळं ठेवलं, शिवलं नाही.
पपई ठेवली, मुंग्यांनी खाल्ली.
तिसऱ्या रात्री बरक्या फणसाचे चार गरे ठेवले
आणि पहाटे दार पडल्याचा आवाज झाला, खट्.

पहिल्यांदाच नीट बघितलं.
राखाडी अंग, तोंडावर काळं फासल्यासारखं,
आणि अंगापेक्षा लांब वाटणारी शेपटी,
पिंजऱ्यात कुठे ठेवावी ते तिला कळत नव्हतं.
तिला म्हणते आता. तेव्हा तो म्हणत होते.
पोट बघितलंच नाही मी.
नाटेकरनं पोतं टाकलं वर,
गाडीत मागे ठेवलं, सही घेतली, चहा नको म्हणाला.

त्या रात्री कोल्हापूरचे सहाजण घोरत झोपले.
आणि अडीचलाच मला जाग आली,
सवय लागलेली.
काही नाही. लाटेचा आवाज.
मग लाटेच्या मधे, बिजागरी करकरावी तसं
बारीक काहीतरी.

शिडी लावली. बॅटरी तोंडात धरली.
ट्रॉलर आले तेव्हा गुंडाळून ठेवलेलं रापणीचं जाळं,
बावीस वर्षांत कुणी सोडलं नव्हतं,
त्याच्या पोटात तीन.
एक हलत नव्हतं.

नाटेकरला तेव्हाच फोन केला.
तिका खंय सोडलास?
आंबोलीच्या वर, झोपेतच म्हणाला,
आता खंयसून गावतली ती?
मग बराच वेळ तोही फोनवर, मीही फोनवर.
सकाळी येतो म्हणाला.

सकाळ व्हायला तीन तास होते.
शेळीचं दूध कोमट केलं, निम्मं पाणी,
कापसाची वात भिजवून धरली.
एकानं तोंड फिरवलं.
दुसऱ्यानं वात सोडून माझं बोटच धरलं,
दात नाहीत अजून, नुसता जोर.
आणि अंगाला तोच वास,
उतू जायच्या आधीच्या भाताचा.

पाय मुंग्यांनी भरला म्हणून जरा सरकले,
तर फळी वाजली.

खालून कोल्हापूरकर बाई, झोपेतल्या आवाजात:
अहो, वर कुणीतरी चालतंय.

उचललेलं पाऊल मी तसंच धरून ठेवलं.