साक्षीदार क्रमांक अकरा

‘पात्रता सांगा,’ इंगवले वकील म्हणतात,
माझ्याकडे न बघता, चष्मा पुसत.
बावड्याच्या या कोर्टात पंखा आहे,
पण तो न्यायाधीशांचा.

सांगते. एमबीबीएस मिरज. एमडी मनोविकार.
सीपीआरला चौदा वर्षं.
‘फॉरेन्सिकचं वेगळं शिक्षण?’
सहा महिने, बंगळूरला.
‘सहाच?’
सहाच.
स्टेनो टाइप करतो, ‘च’सकट.

हेरवाडकर सर म्हणायचे,
ज्याला गोळ्या देतेस त्याची साक्ष देऊ नकोस.
एका हातात नाडी आणि दुसऱ्यात तराजू धरलास
की दोन्हीकडे चुकशील.
हे कुठल्या प्रमाणपत्रावर नाही.

कळंब्याच्या जेलात बाळगोंडा समोर बसला,
तेव्हा आधी तेवढंच सांगितलं:
मी आज तुमची डॉक्टर नाही.
बोलाल ते कोर्टात जाईल.
नको वाटलं तर गप्प राहा.
हुपरीचा चांदीकाम करणारा. बोटांच्या पेरांत
अजून पैंजणाच्या पॉलिशचं काळं.
त्यानं जरा विचार केला.
‘डाक्टर न्हाईसा. पोलीस बी न्हाईसा.
मग तुमी कोन?’

मी वहीत लिहिलं:
स्थळ, काळ, व्यक्तीचं भान आहे.

चार भेटी झाल्या.
भट्टी विझल्यावरही घुंगरं वाजायची म्हणाला,
न जोडलेली, डब्यात सुटी पडलेली.
भावाला सांगितलं. भाऊ हसला.
मग हातोडी.

दुकानाची वही मागवून घेतली.
मार्चपासून आकडे तिरके होत गेलेले,
एप्रिलात वजनाच्या रकान्यात ग्रॅमच नाहीत,
नुसतं ‘वाजतंय’, ‘वाजतंय’, खालपर्यंत.
इतक्या बारीक अक्षरात
इतके महिने आधी कुणी सोंग घेत नाही,
असं मला वाटतं.
‘वाटतं’ अहवालात चालत नाही.

‘म्हणजे त्या रात्री तो वेडा होता?’
वेडा हा शब्द माझा नाही.
‘खात्री आहे तुमची?’

जुनं कलम चौऱ्याऐंशी, नवं बावीस,
दोन्ही एकाच घटकेबद्दल विचारतात
आणि मी पोचले तेहतीस दिवसांनी.
दिसलं तेवढं लिहिलंय, म्हणते. पान सहा.
जे दिसलं नाही, ते पान सात.
इंगवले पान सात उलटून पुढे जातात.

पिंजऱ्यातून उतरताना
माझी नवी चप्पल कर्रर वाजते.
बाळगोंडा झटकन मान वर करतो,
माझ्या पायांकडे, मग तोंडाकडे बघतो,
विचारल्यासारखं.

मी मान हलवते.
हो, हे वाजलं. मलाही ऐकू आलं.

हे मी करायला नको होतं.