वर शला

खाबूऱ्यात पाऊस नाही. गेल्या मार्चपासून नाही.
वादी म्हणजे नुसते गोटे, दोन शेळ्या
आणि कुणीतरी टाकून दिलेला फ्रीज.
अशा ठणठणीत कोरड्या बुधवारी
गावच्या सब्ल्यात, गालिच्यावर मांडी घालून
आम्ही पुराचा नकाशा उलगडला.
चार कोपऱ्यांवर वजनाला खजुराचे डबे.

नकाशा नगरपालिकेचा,
पण लेव्हल माझी, पायपीट माझी;
अकरा आठवडे उन्हात स्टाफ धरून उभा होता तो मोक्सेद.
पाणी गुडघ्यापर्यंत तिथे फिकट निळा,
कमरेच्या वर तिथे गडद.
रंग भरताना मी शिट्टी वाजवत होतो.

शाळेच्या कोठीवरची जुवैना चष्मा लावून वाकली.
म्हणाली, शाळा कोरडी दाखवलीस.
मागच्या वादळात पाणी मागून आलं.
मी म्हटलं, उतार तसा नाही.
ती म्हणाली, उतार तुझा, भिंत माझी. चल.
गेलो. डाग होता, माझ्या खांद्याएवढा,
त्यावर पोरांनी खडूने गोलपोस्ट आखलेला.
परत येऊन शाळा निळी केली,
आणि तिच्यामागची चाळीस घरं.

मग याद्या.
कुणाची जीप, कुणाची गच्ची,
डायलिसिसवाले तीन, दिवस भरत आलेली एक.
सईद मास्तरांचं ऑक्सिजनचं नळकांडं कोण उचलणार
यावरून दोन भाऊ सात वर्षांनी एकमेकांशी बोलले.
भांडलेच, पण बोलले.
तहान लागल्यावर विहीर खणणारा मी माणूस;
इथे तहानेच्या आधीच
दोर किती हात हवा, यावर वाद चाललेला.

मोक्सेद दाराशी, चपलांजवळ बसला होता.
हात वर केला नाही, फक्त म्हणाला,
आणि बागांतल्या पंपाच्या खोल्या?

कुणीच बोललं नाही.
खोल्या नकाशावर होत्या. लिहिलं होतं: पंप.
त्यांत एकवीस माणसं झोपतात
हे लेव्हलच्या भिंगातून दिसत नाही.
बाविसावा मी. भाडं वाचतं म्हणून, पुलाच्या अलीकडे.
बोटाने माझी खोली शोधली.
गडद.
मीच भरली होती, शिट्टी वाजवत.

शेवटी उरला भोंगा.
मशिदीवरून काय सांगायचं, किती भाषांत.
अरबी, बलुची, बंगाली, उर्दू, मल्याळम.
वाक्य छोटं हवं, भेदरवणारं नको:
सामान सोडा, वर चला,
शाळेत नाही, टेकडीवरच्या दवाखान्यात.
मुअज्जिन सुवैदने वहीतून मान वर केली.
तुझ्यात कसं म्हणतात?
माझ्यात मी एकटाच, म्हटलं, राहू द्या.
तो म्हणाला, एकटा माणूस भिजत नाही का?

मग सांगितलं, दोनच शब्द.
त्याने उजवीकडून डावीकडे लिहून घेतले.
त्याच्या लिपीत च नाही.

गुरुवारी असरनंतर पहिली तालीम.
ऊन लख्ख. शेळ्या तिथेच.
मी पंपाच्या दारात, पासपोर्ट प्लास्टिकच्या पिशवीत,
उगाच एक छत्रीही घेतलेली.
पाच भाषा होऊन गेल्या.
भोंगा खरखरला, घसा खाकरला,
आणि साऱ्या खजुरांवरून, समुद्रापर्यंत,
फक्त मला:

वर शला. वर शला.

मोक्सेद खो खो हसत सुटला. मीही.
हसतच चढलो, बावीस जण,
कुणाची चप्पल तुटली, कुणी चहा ओतायला मागे वळला.
दवाखान्याच्या पायरीशी घड्याळ पाहिलं.
एकोणीस मिनिटं.
यादीत मी बारा लिहिली होती.
खोडली.