टिकली

तीन आठवडे त्या पिवळ्या दिव्यावर
टिकली चिकटवून मी तासगाव-सांगली केलं.
चालतेय ना गाडी, मग कशाला.

दस्तगीर शिकलगारनं ती नखानं काढली,
बोलला काही नाही. स्टेअरिंगखाली स्कॅनर खुपसला.
"ऑक्सिजन सेन्सर म्हणतोय."
म्हणजे बदलायचा?
"म्हणतोय तो. मी कुठं म्हणालो?"

मग बॉनेट. मोबाईलचा उजेड. माधवनगरच्या रस्त्यावरून
उसाच्या ट्रॉल्या, गाणी लावून.
आधीच्यानं दोन सेन्सर बदललेले,
पावत्या माझ्या पर्समध्ये.
यानं वायर दोन बोटांत धरून सरकवत नेली,
मांजातली गाठ शोधावी तशी, न बघता,
आणि थांबला.
उंदरानं कुरतडलेलं. तांब्याचे दोन केस शिल्लक.

"इंजिन चांगलंय, ताई. सेन्सरपण चांगलाय.
निरोप मधेच तुटतोय."

दीडशे रुपये. चहा त्याचाच.
दिवा गेला. टिकली त्यानं
आरशाच्या कोपऱ्यात लावून ठेवलेली, सरळ.

कवलापूरच्या वळणावर तरी नजर तिकडंच.
काचेवर डिंकाचा गोल उरलाय,
समोरच्याचे लाईट पडले की
उगाच पेटल्यासारखा.