अर्ध्या सेकंदाची फट

आमच्या पोलंडात परदेशी सिनेमा
एकटा माणूस वाचून दाखवतो.
नायक तोच, नायिका तोच,
मार खाणारं पोर, बंदूक रोखलेला पोलीस, सगळे तोच,
एका सुरात, विजेचं बिल वाचावं तसा.
वूच शहरात पस्तीस वर्षं तो माणूस
म्हणजे माझे बाबा.

बाहेरच्यांना हसू येतं. येऊ दे.
बाबा नायिकेच्या मागून अर्धा सेकंद बोलायचे,
मुद्दाम.
आधी तिचा हुंदका तिच्याच भाषेत पोचायचा,
मग बाजूनं, हळूच, त्याचा अर्थ.
"आपण रडायचं नसतं, यादविगा.
रडणारी तिथे आहे.
मी नुसतं दार धरून उभा राहतो."
माध्यमाच्या व्याख्या मी पुढे पुष्कळ वाचल्या.
पहिली त्या फटीत ऐकली होती.

आता मी शिकवते.
वर्ग भरतो जुन्या सूतगिरणीत;
माग गेले, उंच खिडक्या राहिल्या.
समितीतले लोक विचारतात,
बाई, तुमचा कृत्रिम बुद्धिमत्तेला विरोध का?
या गिरणीत बसून विचारतात!
माझी आजी इथेच, तिसऱ्या मजल्यावर, मागावर होती.
मागाबद्दल तिची तक्रार नव्हती.
घड्याळ कोणाच्या खिशात आहे, एवढंच ती विचारायची.

पहिल्या तासाला मी पोरांना कंपन्यांची पत्रकं वाटते
आणि लाल पेन्सिली.
'आवाज निर्माण झाला.'
'निर्णय घेतला गेला.'
'प्रणाली आपोआप शिकली.'
कर्त्याखाली रेघ मारा, म्हणते.
पेन्सिली हवेतच थांबतात.
तिमोतेउश म्हणाला, कर्ता सुट्टीवर आहे.
सगळे हसले, मीही.
मग म्हटलं, करणारं यंत्र असेल, करविता कोण?
सुट्टीवरच्याचा पगार कुठे जमा होतो, बघून ये.

तीन आठवड्यांनी तो आला, दाढी वाढलेली.
कुठल्याशा शहरात, म्हणाला, एक खोली आहे,
तिथे बायका दिवसभर कानाला यंत्र लावून
दहा-दहा सेकंदांचे आवाज ऐकतात
आणि खूण करतात: दुःखी. आनंदी. सांगता येत नाही.
शेवटच्या खुणेचे पैसे मिळत नाहीत.
मी फळ्याकडे तोंड करून थोडा वेळ उभी राहिले.

नोव्हेंबरात आईचा फोन.
"ये लवकर. लेओन बोलतोय."
बाबांना जाऊन नऊ वर्षं झालीत,
आई चौऱ्याऐंशीची; मला वाटलं, झालं,
हिची वाट चुकली.
टीव्हीवर नवी मालिका, कुठल्या देशाची कोण जाणे,
आणि खरंच बाबा.
तेच. वाक्याआधीचा तो छोटा घोटसुद्धा.
तो घोट त्यांचा आजार होता.
शेवटच्या वर्षी डॉक्टरांनी त्याला नाव दिलं.
यंत्रानं तो लकब समजून उचलला
आणि दर चौथ्या वाक्याला
बाबांना पुन्हा थोडंसं आजारी पाडत होतं.

रात्री कपाट उपसलं.
करार सापडला, शहाण्णव सालचा:
'आज असलेल्या आणि पुढे निघतील त्या
सर्व माध्यमांसाठी.'
खाली सही. बाबांची, निळी, घाईची.
घ्या. कर्ता सापडला.
त्या पैशांतून माझा पहिला संगणक आला होता;
मी किती नाचले होते, तेही आठवलं.
लाल पेन्सिल हातात होती,
रेघ कुठे मारावी कळेना.

दुसऱ्या दिवशी आईकडे पुन्हा तीच मालिका.
पडद्यावरच्या बाईचे ओठ बाबांच्या शब्दांवर
चपखल हलत होते.
तिचा स्वतःचा आवाज खालून
घासून पुसून नेलेला.
आईनं बराच वेळ कान दिला,
कपाळाला आठी घालून.
"त्या बाईला बोलूच देत नाहीये," म्हणाली.
"लेओन असा उद्धट नव्हता."
आणि आवाज बंद केला.

पडद्यावर ती बाई
अजून काहीतरी सांगत होती.