मैदा

गेल्या साली मी वाळू चाळून घातली होती.
पिठाच्या चाळणीने, दोन दुपारी बसून.
शिंपला नाही, काटकी नाही,
रव्याहून बारीक, पांढरी.
येणारे-जाणारे म्हणाले, दिगू, तुझं काम म्हणजे देवघर.

एकशे चौदा अंडी होती त्या खड्ड्यात.
साठ दिवस झाले, काही नाही.
सत्तराव्या दिवशी कोपरापर्यंत हात घातला
आणि नासक्या खोबऱ्याचा वास आला.
कवचांवर काळपट लव.
एकात डोळे आले होते.
ते मी वहीत लिहिलं नाही.

जानूतात्याच्या कानावर गेलंच.
एके काळी हाच माणूस काठी खुपसून
अंडी शोधायचा आणि टोपलीने विकायचा.
म्हणाला, "मैद्यात पुरलंस तू त्यांना.
मैद्यातून वारा जातो काय?"

यंदा माघात पहाटे तो मला घेऊन निघाला,
पुढे तो, मागे मी आणि रिकामी घमेली.
खाडीच्या तोंडाशी वाळू नखात काळी बसली: नको.
होड्या ओढतात तिथे डिझेल: नको.
सुरूच्या बनात केसांसारखी मुळं,
"अंड्यात घुसतात. पाहिलंय मी."
कुठे पाहिलं, ते मी विचारलं नाही.
ठेकेदाराने बंधाऱ्यासाठी ओतलेला ढीग
त्याने नुसता पायाने उडवला.

मग ती रात्री जिथून चढली होती,
ट्रॅक्टर गेल्यासारखी तिची वाट,
तिथे बसला. हातभर खालची वाळू काढली,
तुटके शिंपले, मिठाचा गारवा, सगळं तसंच.
"मूठ आवळ. आता उघड.
बोटांचे वळ राहिले पाहिजेत.
आता फुंक."
वळ ढासळले.
"हीच."

वनखात्याच्या मॅडम सांगून गेल्या होत्या,
वाळू तापली तर माद्या, गार राहिली तर नर.
ते त्याला सांगितलं, तर तो हसत सुटला:
"म्हणजे माझ्या सहा पोरी
त्या पत्र्याच्या छपराने झाल्या म्हण की!"
मग हसता हसता गप्प झाला.
घमेलं त्यानेच डोक्यावर घेतलं.

अंडी एकेक करून ठेवली,
वरची बाजू वर, जशी होती तशी.
शेवटचं त्याच्या हातात बराच वेळ राहिलं.

आज त्रेपन्नावी रात्र.
टोपलीखालची वाळू मधोमध
अंगठाभर खचली आहे.
कुर्ली असेल. वाराही असेल.
बॅटरी विझवून मी पालथा पडलोय,
कान वाळूला लावून,
आणि कुंपणाच्या पलीकडे
कुणीतरी विडी न पेटवता
उभं आहे.